येडशीची निळी पाखरे

येडशीला मी फुलपाखरे पाहायला गेलो होतो असे म्हटले, तर घरची मंडळी हसतील. मी गेलो होतो वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन एकर रानाचा निकाल लावायला. निम्म्यात तूर, निम्मे मुरमाड आणि पडीक. ‘एकदा बांध साफ करून घ्या, म्हणजे पाहायला येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल,’ असा मेहुण्यांचा सल्ला होता. तणनाशकाचा डबाही त्यांनीच पिशवीत घालून दिला होता. सोबत बारा वर्षांची नात होती. तिला सुट्टी आणि मला सोबत, एवढाच हिशेब.

लहानपणी आम्ही इथे बार्शी लाइटने येत असू. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धापा टाकीत चालणारी ती इवलीशी गाडी! १९११ साली ती लातूरपर्यंत पोहोचली. तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी निजामाच्या राज्यात. आता रूळ रुंद झाले आणि धारवाड-धुळ्याकडच्या मालमोटारी गावाला खेटून धावतात. आम्ही आपले बार्शीहून एस.टी.ने आलो.

येडशीला येऊन रामलिंगाला न जाणे म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखे. बालाघाटाच्या डोंगरांनी आपल्या ओंजळीत धरावे, तसे हे देऊळ दरीत बसले आहे. रावणाने सीतामाईला नेले तेव्हा जटायूने त्याला इथेच अडवले, असे गावकरी सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात. भोवतीचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. २०२४ च्या अखेरीस थेट विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत इकडे आला, तेव्हापासून जो तो वाघाचेच विचारतो. नातीनेही पायऱ्या उतरता उतरता तेच विचारले.

वाघ काही दिसला नाही. वानरांनी मात्र आमच्या हातातला नारळ पळवला. तो सोडवण्याच्या नादात आम्ही ओढ्याकाठी गेलो आणि नात एकदम थबकली. “आजोबा, चिखलाला निळी फुलं आलीत!”

फुले कसली, ती पाखरे होती. नखाएवढी, ओल्या मातीवर दाटीवाटीने बसलेली. ती चिखलातले क्षार शोषतात आणि असे जमणारे बहुतेक नर असतात. पंख मिटले की राखाडी ठिपक्यांची चिंधी; उडाली की निळा चुरा हवेत उधळल्यासारखा. गंमत अशी, की त्यांच्या पंखांत निळा रंग सहसा नसतोच. खवल्यांची घडणच अशी, की उजेडातला तेवढा निळा भाग परत फिरतो.

काहींच्या मागल्या पंखांना केसासारखी शेपटी आणि तिच्याशेजारी डोळ्यासारखा ठिपका असतो. बसल्या बसल्या ती मागचे पंख वरखाली घासतात, तेव्हा शेपट्या मिशांसारख्या हलतात. सरड्याला वाटते, डोके इकडेच! तो चावा घेतो, पंखाचा तुकडा त्याच्या तोंडात राहतो आणि पाखरू पसार होते.

दुपारी रानावर गेलो. रान वाट्याने करणारे तात्या बांधावर उभेच होते. नात बोरीच्या झुडपापाशी गुडघे टेकून बसलेली पाहून त्यांनी विचारले, “काय बघायलाव बाई?”

बोरीवर काळ्या ठिपक्यांची पांढरी पाखरे होती, याच कुळातली. त्यांच्या अळ्या बोरीचा पाला खातात. चित्रकावर आणखी कोणाच्या, आंबुटीवर फिक्या निळीच्या. पडीक मुरमावर भुईगुळी पसरली होती, तीवर ग्रास ज्यूएल म्हणतात ते पाखरू. पंख पसरले तरी दीड-दोन सेंटिमीटर. आपल्या देशातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक. वरून बिचारे तपकिरी, पण मिटल्या पंखाच्या कडेला जडावाचे ठिपके. आणि भुईगुळी ही कोण? ज्या निळीसाठी एके काळी बिहारातले शेतकरी भरडले गेले, त्या निळीचीच गरीब बहीण.

“ह्यातलीच एक निळी तुरीच्या शेंगंत शिरती बरं का,” तात्या म्हणाले. खरेच होते ते. पी ब्लू नावाची जात फुलांवर अंडी घालते आणि तिची अळी शेंग पोखरते. पण एका चोरासाठी सबंध गाव पेटवायचे काय?

नातीला तेवढ्यात एका पानावर अळी दिसली, आणि तिच्या पाठीवर मुंग्या! या कुळातल्या पुष्कळ अळ्यांच्या शेपटाकडे गोड रसाची ग्रंथी असते. मुंग्या तो रस चाटतात आणि बदल्यात शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. गवळ्याने म्हैस राखावी तसाच प्रकार.

इंग्लंडातल्या मोठ्या निळ्या फुलपाखराचे जगणे तर एकाच जातीच्या तांबड्या मुंगीवर टांगलेले. मुंग्याच अळीला उचलून वारुळात नेतात. कुरणांतली चराई कमी झाली, रोगाने ससेही मेले, गवत वाढले, जमीन गार पडली आणि त्या मुंग्या गेल्या. मग १९७९ साली फुलपाखरूही गेले. लोकांनी पाखराला जपले होते. मुंगीचे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. जेरेमी थॉमस यांनी ते कोडे उलगडले. कुरणे पुन्हा चारायला लागली आणि १९८३ पासून स्वीडनहून पाखरे आणून सोडली, तेव्हा ती पुन्हा नांदू लागली.

मी हे सांगत होतो आणि माझी पिशवी बांधावर होती. तात्यांनी डबा बाहेर काढला. “मालक, सांजच्याला मारून घिऊ का?”

नात माझ्याकडे पाहत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. लहानांच्या बोलण्याला उत्तर देता येते.

वडील हा पडीक तुकडा कधी नांगरू देत नसत. ‘गुरांना लागतो,’ एवढेच म्हणत. आम्ही भावंडे त्याला त्यांचा आळस समजत होतो.

“राहू द्या तात्या,” मी म्हणालो. “बांध आहे तसाच राहू द्या. गुरं चरू देत. तुरीला काय लागेल ते तुम्ही पाहा.”

“आन् पाहायला येणाऱ्यांना काय सांगू?”

“सांगा, मालकाचा विचार बदलला.”

घरी मेहुण्यांना काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही. दिवाळीत ते येतीलच. डबा पिशवीतून काढून ठेवला आहे, तो त्यांना जसाच्या तसा परत करीन. परवा नातीने मात्र अंगणातल्या फरशीची एक लादी उचकटून तिथे आंबुटी लावली. निळे पाखरू अजून आलेले नाही. मुंग्या आल्या आहेत.