पुढचा पंप अडीचशे किलोमीटरवर

पुण्यातल्या कर्वेनगरातील अनेक घरांतील मुलेमुली आज मेलबर्न, सिडनी किंवा ॲडलेड येथे स्थिरावली आहेत, आणि त्यांच्याकडे काही महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना काय काय दाखवायचे याच्या यादीत समुद्रकिनाऱ्यांबरोबर आउटबॅकचेही नाव असते. किनारपट्टीच्या शहरांमागे पसरलेला, विरळ वस्तीचा आणि बहुतांशी कोरडा असा खंडाचा अंतर्भाग म्हणजे आउटबॅक. त्याच्या मधोमध पोर्ट ऑगस्टा ते डार्विन असा सुमारे २,७०० किलोमीटरचा स्टुअर्ट महामार्ग जातो, आणि त्यावरून तीन पिढ्यांचे कुटुंब एकाच गाडीतून निघते, तेव्हा प्रवासाविषयीच्या मराठी समजुतींची खरी परीक्षा होते.

यांतील सर्वांत रुजलेली समजूत म्हणजे ‘वाटेत मिळेल’. वारज्याहून बाह्यवळणाला लागून साताऱ्याकडे निघालेल्या कुटुंबाला चहा, वडापाव, पंक्चरवाला आणि औषधांचे दुकान यांची चिंता करावी लागत नाही, कारण रस्त्याच्या कडेला कोणी ना कोणी असतेच, हा विश्वास आपल्या प्रवासाचा पायाच आहे. स्टुअर्ट महामार्गावर मात्र ओपलच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कूबर पेडीतून दक्षिणेला निघाल्यावर पुढचा पेट्रोलपंप ग्लेनडॅम्बो येथे, म्हणजे सुमारे २५० किलोमीटरवर येतो, आणि तोही पंप, खाणावळ व मुक्कामाच्या खोल्या एकत्र असलेल्या ‘रोडहाउस’चाच भाग असतो. दोन वस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणूनच दर माणशी पाच-दहा लिटर पाणी, जादा टायर आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो, आणि गाडी बंद पडली तर मदतीच्या शोधात चालत न जाता गाडीजवळच थांबायचे, हा तिथला पहिला नियम घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असावा लागतो.

या तयारीत घरातील वडीलधाऱ्यांना अनपेक्षित अधिकार प्राप्त होतो. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात आणि कोरडी चटणी त्याहून अधिक, हे आजीला मुलाच्या मोबाइलपेक्षा अधिक चांगले कळते. मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीच्या बंदोबस्तासाठी ताजी फळे, टोमॅटो, मिरच्या यांना मज्जाव असल्याने तिच्या पिशवीतील बराचसा ऐवज सीमेवरच्या पेटीत टाकावा लागतो, आणि त्याचे दुःख पुढचे शंभर किलोमीटर पुरते! एरवी, जे लागेल ते बरोबर नेणे कर्वेनगरला परके वाटू नये. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर आश्रमाची झोपडी उभारली, तेव्हा तेथून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत ते रोज पायी जात आणि आश्रमाला लागणाऱ्या वस्तू शहरातूनच न्याव्या लागत.

दिवसाची आखणीही तेथे सूर्य करतो. कांगारू तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात आणि त्यांच्याशी टक्कर होणे गाडीला व माणसांना सारखेच महागात पडते, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठणे इष्ट असते. रोडट्रेन, म्हणजे तीन-चार जोडडब्यांचा, पन्नास मीटरहून अधिक लांबीचा मालट्रक, ओलांडायचा असेल तर समोर फार मोठा पल्ला मोकळा दिसावा लागतो. समोरून येणारा अनोळखी चालक सुकाणूवरून एक बोट किंचित वर उचलून ओळख दाखवतो, आणि तासाभराच्या एकांतानंतर ते बोट गाडीतल्या सर्वांना दिसते.

हा प्रदेश निर्मनुष्य आहे, ही दुसरी समजूत अधिक घातक आहे. जॉन मॅकडुअल स्टुअर्टने १८६२ मध्ये दक्षिणोत्तर खंड ओलांडला आणि पाठोपाठ १८७२ मध्ये त्याच मार्गाच्या आधाराने तारायंत्राची लाइन पूर्ण झाली, हे खरे. पण तो चालला ती भूमी हजारो वर्षे आदिवासी समूहांची होती. पुढे या वाळवंटातील माल उंटांनी वाहिला. बर्क व विल्स या शोधप्रवाशांच्या १८६० च्या मोहिमेसाठीचे उंट कराचीहून जहाजात चढले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर आलेल्या बलुची, सिंधी, पंजाबी व पठाण उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, आणि आजच्या ‘द घान’ या आगगाडीच्या नावात त्यांचीच आठवण आहे.

प्रवासाचे शिखर मानला जाणारा उलुरू हा वालुकाश्माचा ३४८ मीटर उंच, सुमारे साडेनऊ किलोमीटर परिघाचा एकसंध डोंगर २६ ऑक्टोबर १९८५ रोजी अनांगू या त्याच्या पारंपरिक धन्यांकडे परत आला, आणि २०१९ मध्ये त्याच तारखेपासून त्यावर चढणे बंद झाले. सिंहगडावर सुट्टीच्या सकाळी धावत जाणाऱ्या पुणेकर तरुणाला हा निर्बंध खटकतो. आजीला मात्र पवित्र डोंगर पायाखाली घालण्यापेक्षा त्याला प्रदक्षिणा घालणे हेच स्वाभाविक वाटते, आणि तिचे म्हणणे अधिक बरोबर आहे.

ऑस्ट्रेलियातील शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते आणि बेत तेव्हाच शिजतात. पण त्या दिवसांत वाळवंटात पारा चाळीस अंशांवर जातो. आजी-आजोबांना न्यायचे असेल तर जूनअखेर किंवा जुलैत मिळणारी दोन आठवड्यांची सुट्टी गाठावी; दिवस तेव्हा सुखद असतात, मात्र रात्री तापमान शून्याजवळ उतरते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी पुण्याहूनच न्यावी.