एका बोटाचे शंभर

ऊस माझ्या आयुष्यात आला तो कोयत्याच्या बाजूनं. ज्यांच्या रानात ऊस उभा असतो ती माणसं वेगळी आणि ज्यांच्या हातात कोयता असतो ती वेगळी. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं आणि पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरायचं. मधल्या महिन्यांत गावात राहायची ती म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. त्यामुळं कुठं साखरेचं नाव निघालं, की माझं मन गोडाकडं जातच नाही. ते आधी विचारतं, तोडला कुणी?

एका जुन्या इंग्रजी सिनेमानं मला हाच प्रश्न विचारायला लावला. ‘कॅप्टन ब्लड’ त्याचं नाव. १९३५ सालचा, काळा-पांढरा, अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सनं काढलेला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. राफाएल सबातिनी नावाच्या लेखकाच्या १९२२ च्या कादंबरीवरून तो बेतलेला आहे. पुण्याला लेकीकडं गेलो होतो तेव्हा नववीतल्या नातीनं तो टीव्हीवर लावला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही बरंचसं गंजलेलं. अडलं की नात सांगायची.

“आबा, हे समुद्री चाचे.”

“चाचे म्हंजे काका का गं?”

ती खो खो हसली. मलाही अर्थ ठाऊक होता, पण नातवंडांना हसवायचं असलं की म्हाताऱ्यानं थोडं अडाणी व्हावं.

गोष्ट १६८५ सालची. इंग्लंडात जेम्स दुसरा हा राजा आणि त्याच्याविरुद्ध मन्मथच्या सरदारानं केलेलं बंड. पीटर ब्लड हा डॉक्टर. त्याचा बंडाशी संबंध नाही. रात्री त्याला एका जखमी बंडखोराला तपासायला बोलावतात, तो जातो, आणि तिथंच शिपाई त्याला धरतात. जखमीला पट्टी बांधली हाच गुन्हा. न्यायाधीश जेफ्रीज फाशी सुनावतो. हा न्यायाधीश खराच होऊन गेला आणि त्याच्या त्या न्यायालयांना लोक ‘रक्तरंजित’ म्हणत. मग राजाच्या ध्यानात येतं की मेलेल्या माणसाचा उपयोग नाही, जिवंत माणसाचे पैसे होतात. वेस्ट इंडीजच्या बेटांवर साखरेच्या मळ्यांना माणसं हवीत. तेव्हा फाशी रद्द आणि सगळ्यांना जहाजात भरून विकायला रवाना. हेही कादंबरीपुरतं खोटं नाही. त्या बंडानंतर सुमारे आठशे माणसं खरोखरच अशी समुद्रापार धाडली गेली.

कादंबरीत बेट बार्बाडोस आहे, सिनेमात जमैकाचं पोर्ट रॉयल. दोन्ही बेटं साखरेची. बंदरावर बाजार भरतो. मळेवाला कर्नल बिशप एकेकाचे दंड चाचपतो, दात बघतो. मी हा बाजार ओळखला. आमच्याकडं बैलाचा असाच भरतो. ब्लड मात्र तोंड उघडून दाखवायला तयार नाही. शेवटी कर्नलची पुतणी अ‍ॅराबेला त्याला विकत घेते. किंमत दहा पौंड.

दहा पौंडांचा आकडा ऐकून मी दचकलो, कारण तो माझ्या वाचनात दुसरीकडं आला होता. याच जेम्सचा थोरला भाऊ चार्ल्स दुसरा. त्याला लग्नात पोर्तुगिजांकडून मुंबई मिळाली आणि १६६८ साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वर्षाचा खंड दहा पौंड. म्हणजे एका घराण्याच्या राज्यात मुंबई बेटाचा वर्षाचा खंड आणि गोष्टीतल्या शिकलेल्या डॉक्टरची आयुष्यभराची किंमत एकच. राजेलोकांना जमीन आणि माणूस मोजायला माप एकच पुरतं.

पुढचा सिनेमा तरण्या पोरांना आवडेल असा आहे. गव्हर्नरच्या संधिवातावर इलाज करून ब्लड थोडी मोकळीक मिळवतो. स्पॅनिश जहाज बंदरावर हल्ला करतं, त्यावरचे लोक गावात लुटालूट करून दारू पिण्यात गुंग होतात, आणि तेवढ्यात गुलाम त्यांचंच जहाज पळवतात. कर्नल जहाजावर येतो तर त्याला उचलून समुद्रात टाकतात. नात टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. एरॉल फ्लिन हा नट तेव्हा नवखा होता, ऑलिव्हिया डी हॅविलंड तर एकोणीस वर्षांची, आणि दोघांचंही नाव याच सिनेमानं झालं. लढाईतली कितीतरी जहाजं म्हणजे हौदातली लहान नकली जहाजं, हे मला मागाहून कळलं. बघताना तोफांच्या धुरात काही कळत नाही. वाळूवरची तलवारबाजी तर अशी, की जत्रेतल्या तंबूत हा सिनेमा लागला असता तर पडद्यावर पैसे पडले असते.

पण माझं चित्त अडकलं ते एका साध्या जागी. जहाज ताब्यात आल्यावर ब्लड सगळ्यांना गोळा करतो आणि करारनामा वाचून दाखवतो. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. लुटीची वाटणी कशी, नियम मोडला तर काय. मग सगळे त्याला होकार देतात.

मला वाटलं, ही सिनेमावाल्यांची कल्पना असेल. नातीला शोधायला लावलं. तिनं एक्सक्वेमेलिन नावाच्या माणसाचं पुस्तक शोधून काढलं. हा स्वतः त्या काळच्या चाच्यांबरोबर वैदू म्हणून फिरला आणि १६७८ साली त्यानं डच भाषेत सगळं लिहून ठेवलं. त्यात भरपाईचा तक्ता आहे. लढाईत उजवा हात गेला तर सहाशे रुपेरी नाणी. डावा हात पाचशे. उजवा पाय पाचशे, डावा चारशे. डोळा शंभर. बोट शंभर. ही रक्कम लुटीतून आधी बाजूला काढायची आणि उरलेलं मग वाटायचं.

बोट शंभर. तिथं मी नातीला म्हणालो, थांब जरा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आण्णा आणि माय ऊसतोडीला जाऊ लागले. मी आजीजवळ राहून शाळा शिकायचो. सातवीच्या वर्षी आजी आजारी पडली, तेव्हा मलाही गाडीत घातलं. पाचटाच्या कोपीत राहायचं, रात्री तीनला उठायचं. आण्णा तोडायचे, माय मोळ्या बांधायची, मी वाढे गोळा करायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, हत्यार एक, नाव एक. उचल घेतलेली असायची दसऱ्याआधीच, आणि ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. सोडला तर गावोगाव बोभाटा, अमका उचल बुडवून पळाला. मग मुकादम माणसं घेऊन दारात, आणि दावणीचा बैल त्याच्या गाडीमागं.

पौषातली पहाट होती. धुकं एवढं, की हातातला ऊस दिसत नव्हता. आण्णांच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कोयत्याखाली आलं. मायनं हळद भरली, लुगड्याची चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी हात सुजला तेव्हा दवाखाना झाला. बोट काढावं लागलं. चौदा दिवस आण्णा कोपीत बसून होते. माय एकटी तोडायची आणि मी मोळ्या बांधायचो, पण एका कोयत्याचा माल आमच्यानं भरत नव्हता.

हंगाम संपला, हिशोबाला बसलो. मुकादमानं वही उघडली. दवाखान्याचे पैसे आमच्या नावावर आणि चौदा दिवसांचा खाडा, तोही आमच्या नावावर. बोट गेलं त्याचा दंड बोटवाल्याला. सगळा हंगाम राबून अंगावर बाकी राहिली ती पुढच्या सालाला ओढली.

आण्णा एवढंच म्हणाले, “करारात असं हाय का? वाचून दावा की.”

मुकादम हसला. “वाचता येतं का तुला?”

मला येत होतं. सातवीत होतो, अक्षर चांगलं होतं. पण वही माझ्या हातात कुणी दिली नाही.

पुण्यात टीव्हीसमोर बसून मी हाच हिशोब करत होतो. लुटारू म्हणून ज्यांना फाशी द्यायची, त्यांच्या कागदात बोटाला किंमत होती, आणि तो कागद आधी वाचला जायचा. कायद्यानं चालणाऱ्या आमच्या धंद्यात कागद मिटलेलाच राहिला.

चाच्यांना देव करायची मात्र माझी तयारी नाही. त्याच तक्त्यात पुढं लिहिलंय, उजव्या हाताचे सहाशे, नाहीतर सहा गुलाम. बोटाचे शंभर, नाहीतर एक गुलाम. म्हणजे तुटलेल्या बोटाची भरपाई अख्ख्या माणसात. आणि तो गुलाम बहुतेक आफ्रिकेतून आणलेला असणार, कारण त्या बेटांवरचा ऊस मुख्यतः त्यांनीच तोडला. सिनेमाची गोष्ट गोऱ्या गुलामांची आहे. ते सुटतात, जहाज पळवतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. बाकीचे मळ्यातच राहतात आणि सिनेमा त्यांच्याकडं वळून बघत नाही.

त्यांची गुलामी कायद्यानं संपायला १८३८ साल उजाडलं. मग मळेवाल्यांनी दुसरी माणसं शोधली. १८४५ साली जमैकाला पहिलं जहाज गेलं ते आपल्या देशातल्या मजुरांचं. मॉरिशसला त्याआधीच सुरुवात झाली होती आणि तिथं तर कोकणातली मराठी माणसंही ऊस तोडायला गेली. त्यांची लेकरंबाळं अजून तिथं गणपती बसवतात. या मजुरांकडून करारावर आंगठा घेत. अ‍ॅग्रीमेंटचं त्यांच्या तोंडात ‘गिरमिट’ झालं. आमच्याकडं त्यालाच उचल म्हणतात.

सिनेमाचा शेवट गोड आहे. इंग्लंडात राजा बदलतो, जेम्स पळून जातो. नव्या राजासाठी ब्लड फ्रेंच जहाजांशी लढतो आणि पोर्ट रॉयलचा गव्हर्नर होतो. काल फाशीचा धनी, आज न्यायाच्या खुर्चीत. माणूस तोच, हात तेच, गादीवरचा बदलला. आपल्याकडं कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते. आपल्या समुद्रात परवान्याशिवाय फिरणारी जहाजं ते धरायचे. इंग्रजांनी त्यांना चाचा लिहून ठेवलं. चोर कोण, हे वही ज्याच्या हातात तो ठरवतो. उचल बुडवून पळालेला चोर आणि चौदा दिवसांचा खाडा लावणारा सावकार, हेही त्या वहीतच ठरलेलं असतं.

आण्णा जाऊन वीस वर्षं झाली. मी दहावीपर्यंत शिकलो, विहीर पाडली, तीन एकरांत तूर-कापूस करतो. घरातला कोयता सुटला. गावातला सुटलेला नाही. आता ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं आहे, पोरांच्या हातात मोबाइल आहे, पण दसऱ्याआधी उचल अजून तशीच वाटली जाते.

गेली काही वर्षं त्या दिवसांत मी मारुतीच्या पारावर चष्मा घेऊन बसतो. ज्या जोडप्यानं स्टॅम्पवर आंगठा करायचाय त्यानं आधी कागद माझ्याकडं आणायचा. मी तो वाचतो. मोठ्यानं, बाईलाही ऐकू जाईल असा, कारण अर्धा कोयता तिचा असतो. उचल किती, दर काय, खाडा कशाला. मग विचारतो, बोट तुटलं तर काय लिहिलंय? बहुतेक कागदांत काहीच नसतं. मी म्हणतो, ओळ घालून घ्या. काही मुकादम चिडतात. एकानं तर कागद माझ्यासमोर फाडला. पण मागच्या दसऱ्याला एका मुकादमानं ओळ लिहू दिली. कामात इजा झाली तर दवाखान्याचा खर्च मजुराच्या नावावर नाही आणि त्या दिवसांचा खाडा नाही. एवढीच ओळ. ती त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली त्या पोरीनं, बारावी झालेल्या, आपली सही केली. आंगठा नाही.