रूपकात नसलेला वस्तरा

संत सेना न्हाव्यांचा एक अभंग आम्ही गेली अकरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. हजामतीच्या व्यवसायालाच परमार्थाचे रूप देणारा तो अभंग विद्यार्थ्यांना आवडतो, कारण त्यातील रूपक चटकन उलगडते. विवेक हा आरसा होतो, वैराग्य चिमटा होते, शांती पाणी होते. अहंकाराची शेंडी पिळली जाते आणि कामक्रोधाची नखे निघतात. फळ्यावर दोन रकाने आखले की तास संपतो. त्या दोन रकान्यांत वस्तरा कोठेच येत नाही, हे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आले, तेव्हा आम्ही वर्गात नव्हतो. हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात काचेच्या तुकड्यावर वस्तरा घासत बसलो होतो.

आमचे वडील, आबा, व्यवसायाने न्हावी. मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात; सेनांच्या अभंगातही तो शब्द आहे. आबांचे लहानपण बलुत्यावर गेले. वर्षभर गावाची डोकी करावयाची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य मागावयाचे. पुढे हिंगोलीस येऊन त्यांनी एका खुर्चीचे दुकान टाकले. दुकानात आम्हांला केस झाडण्यापलीकडे काही करू देत नसत. धोपटीला हात लावला की रागावत. पोराच्या हातात खडू यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. तो आला, पण तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, आणि तेही महिनोन्महिने उशिरा. सांगावयास लाज वाटते, पण सेनांचा अभंग शिकविताना आपण कोणाचे चिरंजीव आहोत, हे आम्ही वर्गात एकदाही बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा शाबूत राहिली. एड्सच्या भीतीने १९९०च्या दशकात सलूनमधला जुना वस्तरा मागे पडला आणि अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा आला. आबांनी दुकानात तो बदल निमूटपणे स्वीकारला होता. स्वतःच्या दाढीपुरता मात्र सोलिंगेनचा जुना वस्तरा जपला होता. आजारपणात तो पडून राहिला, गंजाचे ठिपके आले, धार गेली. एके दिवशी आबा म्हणाले, "तेवढा वस्तरा लावून आण. त्यानंच दाढी कर माझी."

धार लावून देणारा कोणी मिळेना. कात्री, विळा लावणारे होते; वस्तऱ्याला कोणी हात लावीना. आबांचा निसणा दुकान बंद करताना कोठे गेला, कोणास ठाऊक. चांगल्या जपानी दगडांचा संच घ्यावा, तर आमचे महिन्याचे मानधन त्यात जावे. म्हणून आम्ही माळ्यावरून आमची शाळेतली दगडी पाटी काढली, ओली केली आणि तीवर वस्तरा फिरवू लागलो. पाटीत कोठेतरी टणक कण होता. धारेवर चरा उमटला. खाटेवरून आबा हसले. "आरं, पाटीवर अक्षर येतं. धार येत नसती."

मग गाड्यांच्या रंगकामाचे सामान विकणाऱ्या दुकानातून पाण्यात घासावयाचा पॉलिशपेपर आणला. आधी १००० नंबरचा, मग २०००चा, शेवटी ३०००चा. खिडकीच्या जुन्या काचेवर पाणी शिंपडून कागद बसविला, की तो सपाट दगडासारखा होतो. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. वस्तऱ्याची गंमत अशी की त्याचा कोन कारागिराला साधावा लागत नाही; तो घडविणाऱ्यानेच जाड पाठीच्या रूपाने बांधून दिलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवावयाची, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भार द्यावयाचा नाही, धार पुढे ठेवून ढकलावयाचे, आणि टोकाशी आल्यावर पाठीवरून उलटावयाचे. पट्ट्यावर नेमके उलट: तेथे पाठ पुढे, धार मागे. चुकलात तर पट्टाही कापतो आणि धारही मुडपते. पट्टा म्हणून आमचाच जुना कंबरपट्टा खिळ्याला अडकविला आणि स्टीलची भांडी चमकविण्याची हिरवी पॉलिशची वडी त्यावर घासली. शेवटचा हात वर्तमानपत्राच्या घडीवर.

आबांना खाटेवरून हे काही दिसत नव्हते. ते ऐकत होते. "पट्टा ढिला झाला." "जोर लावलास." "आता एका बाजूनंच घासतोयस." प्रत्येक वेळी ते बरोबर असत. ज्याला त्यांनी आयुष्यभर या विद्येपासून दूर ठेवले, त्याला ते केवळ आवाजावरून ती शिकवीत होते. तिसऱ्या दिवशी वस्तरा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या ओल्या नखावर हलकेच ओढून त्यांनी परीक्षा केली आणि मान हलविली. अजून कचकचत होता. आम्ही तरीही घाई केली. पहिल्या दाढीत केस ओढले गेले, हनुवटीवर रक्त आले. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "गिऱ्हाइकाला वस्तरा कळला, तर तो वस्तरा कसला?"

त्या वाक्याने आम्ही अभंगाकडे परत आलो. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या दुर्गम वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आणि ती जगभर गेली. सॉमरसेट मॉमच्या १९४४ सालच्या कादंबरीचे नाव तेथूनच आले. ज्यांचे जन्मगाव परंपरेने आमच्या जिल्ह्यातील नर्सी मानले जाते, त्या नामदेवांनी, शिंपी असल्याने, गुरु ग्रंथ साहिबातील एका पदात मनाला गज आणि जिभेला कात्री केले आहे. म्हणजे धारदार हत्यार भक्तिकाव्याला वर्ज्य नव्हते. तरीही ज्याच्या हातात वस्तरा रोज होता, त्याने आरसा सांगितला, चिमटा सांगितला, पाणी सांगितले आणि वस्तऱ्याचे नाव घेतले नाही. धारेचे भय तिच्यावरून चालणाऱ्याला. ती लावणाऱ्याचे काम ती जाणवू न देण्याचे. आमचे हे वाचन पाठभेदांच्या कसोटीवर कितपत टिकेल, ते अभ्यासकांनी पाहावे. ते ग्रंथालयात आम्हांला सुचले नसते, एवढे खरे.

महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) सेना पूजेत असताना देव त्यांची धोपटी घेऊन राजाची हजामत करावयास जातो. कथेत सगळे देवाकडे पाहतात. आता आम्हांला वाटते, त्या वस्तऱ्याला आदल्या रात्री धार लावली असेल, ती सेनांनीच.

आम्ही पुन्हा काच मांडली. आणखी चार संध्याकाळी गेल्या. पुढल्या रविवारी गालाला साबण लावून वस्तरा टेकविला. डावा गाल झाला, गळा झाला. उजव्या गालाशी आलो तेव्हा काही सूचना येईना, म्हणून थांबून पाहिले. आबांना झोप लागली होती.

वस्तरा पुसून, खोबरेल लावून ठेवला. सोमवारी दुसरा तास सेनांच्या अभंगाचा होता. या वेळी फळ्यावर रकाने आखण्याआधी आम्ही विद्यार्थ्यांना आबांचा व्यवसाय सांगितला.