खिशातला वाटाड्या

तुम्ही कधी एखाद्या वस्तुसंग्रहालयात किंवा लेण्यांत गेला आहात काय? गेला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आत शिरताना सर्वांना मोठी उत्सुकता असते. पहिल्या दालनात लोक थांबतात, पाटी वाचतात, एकमेकांना बोटाने दाखवतात. तिसऱ्या दालनात पोहोचेपर्यंत पावले भराभर पडू लागतात. शेवटी "आता अजून किती राहिले?" एवढाच प्रश्न उरतो. बाहेर आल्यावर कोणी विचारले, "काय काय पाहिले?" तर उत्तर मिळते, "जुने दगड, तलवारी आणि भांडी!"

यात सगळा दोष पाहणाऱ्यांचा नसतो. जुनी वस्तू मुकी असते. तिच्याजवळची पाटी फार तर दोन ओळींची असते. त्या ओळींत वस्तूचे नाव आणि शतक कळते. पण ती कोणी वापरली, कशासाठी वापरली, हे कळत नाही. अशा वेळी जाणता वाटाड्या सोबत असेल तर सारे चित्र बदलते. तो म्हणतो, "इकडे या, या कोपऱ्यातून पाहा." आणि आपल्याला आतापर्यंत न दिसलेले काही तरी दिसू लागते. मात्र असा वाटाड्या प्रत्येकाला, प्रत्येक ठिकाणी कसा मिळणार?

हाच प्रश्न जगभरच्या संग्रहालयांना पडला होता. १९५२ मध्ये नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरातल्या स्टेडेलिक संग्रहालयाने एक नवी युक्ती केली. तेथे रेडिओच्या लहरींवरून माहिती ऐकवली जाई आणि प्रेक्षक कानाला यंत्र लावून ती ऐकत दालनांतून फिरत. पुढे ध्वनिफिती आल्या. आपल्याकडेही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कानाला लावून माहिती ऐकण्याची सोय झाली. त्यानंतर मोबाइल आला आणि वाटाड्या थेट आपल्या खिशात येऊन बसला.

याचे एक चांगले उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. ज्या संस्थेने १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक तयार केला, ती सी-डॅक ही संस्था तुम्हाला ऐकून माहीत असेल. या संस्थेने 'दर्शक' नावाचे अ‍ॅप तयार केले. वस्तूजवळ एक क्यूआर कोड लावलेला असतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा चौकोन १९९४ मध्ये जपानमध्ये, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी शोधला गेला. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला की त्या वस्तूची माहिती मोबाइलवर उघडते. 'दर्शक' मुख्यतः दिव्यांग व्यक्तींसाठी तयार केले गेले, हे मला विशेष वाटते. काचेच्या पेटीतील मूर्तीला हात लावता येत नाही. मग ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने संग्रहालयात जाऊन काय करायचे? त्याच्यापर्यंत ती मूर्ती पोहोचवायची तर आवाजाचाच आधार घ्यावा लागतो.

याच संस्थेने संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी संगणकावर सांभाळण्याची एक प्रणालीही तयार केली आहे. तिचे नाव 'जतन'. किती नेमके नाव आहे, पाहा! माहिती आधी जतन केली, तरच ती पुढे कोणाला सांगता येते.

आता मी तुम्हाला माझ्या भागात घेऊन जातो. राजुरी हे माझे गाव. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. आमच्याकडे कांदा, टोमॅटो पिकतो आणि इतिहास तर जागोजागी उगवतो! तालुक्यात शिवनेरी किल्ला आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे. जुन्नर शहराच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. २०१८ मध्ये राज्य शासनाने या तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या बारांत शिवनेरी आहे. साहजिकच पाहुण्यांची वर्दळ वाढली. घरी पाहुणे आले की त्यांना ही ठिकाणे दाखवण्याचे काम माझ्याकडे येते, आणि ते मला मनापासून आवडते.

या हिंडण्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जेथे भव्य किल्ला किंवा सुंदर मूर्ती असते, तेथे माणूस आपोआप थांबतो. जेथे वरवर पाहण्यासारखे काहीच दिसत नाही, तेथे सांगणाऱ्याची खरी गरज असते. कुकडी नदीकाठच्या बोरी बुद्रुक गावाचेच उदाहरण घ्या. तेथे नदीच्या काठावर मातीत राखेचा एक थर आहे. शेजारून जाणाऱ्याला ती साधी दरड वाटते. पण ती ज्वालामुखीची राख आहे! पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या जागेचा अभ्यास केला. अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही तेथे सापडली. हजारो किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून ही राख उडून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. ती त्याच्या कोणत्या उद्रेकातली, याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. आता सांगा, दरडीजवळ उभे राहून कोणी एवढे कानात सांगितले, तर ती दरड तुम्हाला पूर्वीसारखीच दिसेल काय?

नाणेघाटाची गोष्ट याहून वेगळी आहे. कोकणातून वर येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर हा घाट आहे. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांचे आकडेही त्यात कोरलेले आहेत. समोरच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज पुतळे नाहीत; उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे.

मोबाइलच्या पडद्यावर हे पुतळे पुन्हा उभे करणे आज अवघड नाही. पण राणीचा चेहरा कसा होता, हे कोणाला ठाऊक आहे? चित्रकार कल्पनेने तो रंगवील. त्यात वाईट काही नाही. मात्र त्या चित्राखाली 'हे कल्पनाचित्र आहे' असे स्पष्ट लिहिले पाहिजे. नाही तर पाहणारा तेच खरे धरून घरी जाईल. जेवढे ठाऊक आहे तेवढेच ठामपणे सांगणे, हा चांगल्या वाटाड्याचा पहिला गुण होय.

दुसरा गुण मला मुलांनी शिकवला. एका सुट्टीत राजुरी आणि जुन्नरमधील दहा-बारा मुलांबरोबर मी शिवनेरीवर जायचे ठरवले. अ‍ॅप तयार करणे आम्हाला येत नव्हते. म्हणून मोबाइलवर स्वतःच्या आवाजात माहिती नोंदवायची आणि गडावर त्या त्या जागी ती ऐकायची, असे आम्ही योजले. नियम दोनच होते. प्रत्येक जागेसाठी एकच मिनिट, आणि एकूण पाचच जागा. मुलांनी भराभर नावे सांगितली: शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवजन्मस्थान आणि कडेलोटाचा कडा. पाच जागा झाल्या.

तेव्हा उर्दू शाळेत शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, कमानी मशीद राहिली."

"पण पाच झाल्या ना!" एक मुलगा म्हणाला.

"झाल्या," ती म्हणाली, "पण तिथे फारसी लेख आहे. गडावर मला वाचता येण्यासारखी अक्षरे तेवढीच आहेत."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. तिचे म्हणणे साधे होते, पण ते साऱ्यांना पटले. एका ठिकाणच्या इतिहासातून आपण पाच गोष्टी निवडतो, तेव्हा उरलेल्या गोष्टी आपोआप गप्प होतात. ऐकणाऱ्याला त्या राहिल्या आहेत हेही कळत नाही. याच जुन्नरच्या परिसरातून मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची सुरुवात केली. पुढे हबशी वजीर मलिक अंबर याचाही जुन्नरशी जवळचा संबंध आला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे निजामशाहीतील मोठे सरदार होते. गडाच्या वाटेवरील दरवाज्यांची नावेच ऐका: परवानगी दरवाजा, शिपाई दरवाजा. 'परवाना', 'सिपाही', 'दरवाजा' हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. मराठी आणि उर्दू या गडावर कधीच्याच शेजारी राहतात. अखेर मुलांनी एकमताने नियम मोडला. पाचाच्या सहा जागा झाल्या.

आम्ही गडावर गेलो. मशिदीच्या दोन मिनारांना जोडणारी कमान आकाशावर रेखल्यासारखी दिसत होती. ती मुलगी लेखासमोर बराच वेळ उभी राहिली. सगळा लेख तिला वाचता आला नाही. तो जुना आणि गुंतागुंतीच्या वळणाचा होता. पण एकेक ओळखीचे अक्षर सापडले की ती बोटाने हवेत गिरवून दाखवी. इतर मुले तिच्याभोवती गोळा झाली. मग तिने आपले एक मिनिट दोनदा नोंदवले, एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत.

परतीच्या वाटेवर एक वृद्ध गृहस्थ आपल्या कुटुंबाबरोबर सावलीत बसले होते. मुलांनी हौसेने त्यांना ती नोंद ऐकवली. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "अरे, मी तर तिच्यावरूनच आलो की!" ते काठी टेकत उठले आणि पुन्हा मशिदीकडे चालू लागले. माझ्या मते अ‍ॅपची खरी परीक्षा हीच आहे. ऐकणारा मागे वळून पुन्हा पाहू लागला, तर अ‍ॅप चांगले. तो मोबाइलच्या पडद्याकडेच बघत राहिला, तर एवढा डोंगर चढून येण्याची गरज काय होती?

म्हणून काही गोष्टी तुम्ही सांभाळा. ठिकाणाची माहिती घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कारण डोंगरात आणि लेण्यांच्या जाड खडकात नेटवर्क मिळेलच असे नाही. बॅटरी भरून घ्या. कड्याजवळ मोबाइल पाहत कधीही चालू नका. कानात लावायचे यंत्र वापरा, म्हणजे इतरांना त्रास होणार नाही. आणि कोणत्याही वस्तूसमोर गेल्यावर आधी ती स्वतः नीट पाहा. मनात एखादा प्रश्न आला की मगच मोबाइल काढा.

आणखी एक काम मी तुमच्यावर सोपवणार आहे. मोबाइलमधला वाटाड्या स्वतःहून काही जाणत नाही. कोणी तरी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून, लेख वाचून जे जमवले, तेच तो सांगतो. जुन्नरच्या लेण्यांत एक लेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाने, पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याने ती नोंद कोरून घेतली म्हणून आज आपल्याला त्याचे नाव माहीत आहे. ज्यांची नोंद झाली नाही, असे किती तरी दाते आणि कारागीर आपल्याला कायमचे परके राहिले.

तुमच्या गावातही एखादी जुनी विहीर असेल, दर्गा असेल, वेस किंवा वाडा असेल. या सुट्टीत त्याची माहिती विचारा. आजी-आजोबांना, नाना-नानींना बोलते करा. जे नक्की कळले ते लिहा. ऐकीव असेल तर 'लोक असे सांगतात' असे लिहा. मग एका मिनिटात मावेल एवढे निवडा आणि तुमच्या आवाजात नोंदवा, मराठीतही आणि उर्दूतही. तुम्हाला दोन भाषा येतात. ज्याला त्यांतली एकच येते, त्याच्यासाठी वाटाडे होण्याचे काम तुमच्याइतके चांगले कोण करील?