ठावठिकाणा

घोडेगावात शुक्रवार दोन गोष्टींचा. जनावरांच्या बाजाराचा आणि जुम्म्याच्या नमाजाचा. आमचे अब्बा म्हशींचा व्यापार करीत. रुमालाखाली बोटं धरून सौदे चालत. पण अजान झाली की अब्बा कुठे भेटतील, हे साऱ्या बाजाराला ठाऊक असे. उधारी मागायला आलेला माणूसही मशिदीच्या दाराशीच थांबे. आपला ठावठिकाणा चारचौघांना माहीत असणं, ही आमच्या घरी पत होती.

म्हणून २००९ साली क्रिकेटपटूंनी आपला ठावठिकाणा कळवायला नकार दिला, तेव्हा आम्हाला रागच आला. त्या काळच्या संघात आमच्याच जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा झहीर खान होता. त्यामुळे वाद घरचा वाटला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, म्हणजे ‘वाडा’चा नियम असा, की निवडक खेळाडूंनी दर तीन महिन्यांचा तपशील आगाऊ द्यायचा. मुक्काम कुठे, सराव कुठे, सगळं. शिवाय पहाटे ५ ते रात्री ११ यांमधला रोजचा एक तास स्वतःच निवडायचा आणि त्या वेळी सांगितलेल्या जागी हजर राहायचं. तपासनीस न कळवता येतो, लघवीचा किंवा रक्ताचा नमुना घेतो. काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात, सामन्याच्या दिवशी सापडत नाहीत, म्हणून ही तजवीज. आजच्या नियमानुसार बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, तर औषधाला हात न लावताही दोन वर्षांपर्यंत बंदी येते.

क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष शशांक मनोहर नागपूरचे वकील. खेळाडूच्या खाजगीपणाला राज्यघटनेचं संरक्षण आहे, काहींना जिवाचा धोकाही आहे, अशी मंडळाची बाजू होती. लपवायचं काही नाही, तर सांगायला काय हरकत, असं आम्ही तावातावानं म्हणत असू.

पुढे एकदा म्हशी घेऊन जाताना महामार्गावर आमची गाडी अडवली. “नाव काय? कुठून आणल्या? कुठे चाललात?” अब्बांनी बाजाराची पावती दाखवली. तरी दोन तास उभं केलं. मागून आलेल्या गाड्या न थांबता पुढे जात होत्या. अब्बा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. प्रश्न तोच होता, कुठे असता म्हणून. पण बाजारात त्यानं पत वाढे, इथं मान खाली गेली.

त्या दिवसानंतर मनोहरांचं म्हणणं आम्हाला थोडं कळू लागलं. आणि त्यातली खोटही कळली. पैलवान, धावपटू, बॉक्सर हे सगळे आपला पत्ता कळवत असताना क्रिकेटपटूंनी तेवढं मोकळं राहायचं, हे कसं? २०१९च्या जुलैमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या पृथ्वी शॉवर खोकल्याच्या औषधातल्या द्रव्यापायी आठ महिन्यांची बंदी आली. ऑगस्टमध्ये मंडळानं राष्ट्रीय संस्थेची, ‘नाडा’ची तपासणी मान्य केली. २०२० साली तपशील न भरल्याबद्दल पाच क्रिकेटपटूंना नोटिसा गेल्या. त्यांत सांगलीची स्मृती मानधना होती. पासवर्डची अडचण झाली, असं मंडळानं त्यांच्या वतीनं सांगितलं. बॉक्सर परवीन हुडाला मात्र अशाच तीन चुका भोवल्या. औषध घेतल्याचा आरोप नव्हता, तरी २०२४ साली तिची पॅरिस ऑलिंपिकची संधी गेली. तिनं मिळवलेली जागा देशाला पुन्हा जिंकावी लागली.

नियम कडक आहे. पण त्यात कुणाला विचारायचं, किती चुकांवर शिक्षा, दाद कुठे मागायची, हे लिहिलेलं आहे. तासही खेळाडूच निवडतो. महामार्गावर आम्हाला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यातल्या पोरी आता शाळेच्या मैदानावर पळतात. उद्या त्यांतल्या एखादीला हा तपशील भरावा लागला, तर आम्ही शेजारी बसून भरून देऊ. तास कोणता लिहायचा, असं तिनं विचारलं, तर सांगू, पहाटेचा लिही. रमजानात त्या वेळी सारं घर जागंच असतं. कुणी आलं, तर दार उघडायला उशीर होणार नाही.