काळी शेवरलेट

तुम्ही कधी मोटारीच्या टपात आपला चेहरा पाहिला आहे का? आरशात नव्हे, काचेतही नव्हे, रंगात! मी पाहिला आहे. सन 1991 ची गोष्ट. सातवीची परीक्षा संपली आणि मी अमरावतीहून अकोल्याला मामूंकडे गेलो.

मोर्णा नदीपासून जवळच मामूंचे मोटारी रंगवण्याचे दुकान होते. दुकान कसले, चार खांब आणि वर टिनाचे छप्पर! त्याखाली त्या उन्हाळ्यात एक भलीमोठी मोटार उभी होती. काळीभोर, गोलगोल अंगाची. ती 1948 सालची शेवरलेट होती. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने 1928 साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. जहाजातून सुटे भाग येत आणि तेथे मोटारी जुळवल्या जात. आपली मोटारही तिथलीच, असे तिचे मालक सांगत. त्यांचे जिनिंग होते. वऱ्हाडात कापसाला पांढरे सोने म्हणतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे. त्या सोन्याच्या दिवसांत घेतलेली मोटार पुढे कित्येक वर्षे गोदामात धूळ खात पडली होती.

“इतकी जुनी गाडी आता काय चालणार?” मी विचारले.

मामू हसले. म्हणाले, “मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनले. ते अजून डबे ओढते. ही तर त्याच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी लहान आहे!” (ते वाफेचे इंजिन पुढे 1994 पर्यंत धावत होते.)

मालकांच्या नातीची पाठवणी या मोटारीतून व्हायची होती. लग्नाला आठ दिवस उरले होते. पत्रा ठोकून झाला होता, खड्ड्यांत लांबी भरली होती, तांबडे अस्तर मारून त्यावर काळ्या डुकोचे हात दिले होते. ‘डुको’ हा शब्द तुम्ही सुताराकडेही ऐकला असेल. ड्यूपॉन्ट नावाच्या अमेरिकन कंपनीने 1923 मध्ये काढलेल्या रंगाचे ते नाव. त्याआधी मोटारींना ब्रशाने व्हार्निशचे हात देत. ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. डुको फवाऱ्याने मारता येई आणि लवकर वाळे. मात्र त्यात एक खोड होती. तो आपोआप चमकत नसे. त्याला घासावे लागे.

हे घासण्याचे काम काकाजींचे. त्यांना सारे काकाजीच म्हणत, मामूसुद्धा. वय साठीच्या पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा. ते पहाटेच कामाला लागत. अकोल्याचा मे महिना काय सांगावा! दहा वाजता पत्र्याला हात लावला तर चटका बसे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश घासण्याआधीच वाळून जाते. म्हणून सगळे काम उन्हाच्या आत.

आधी भरपूर पाण्याने धुणे. आपल्याकडची धूळ साधी नाही. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात आणि ते रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की रंगावर ओरखड्यांचे जाळे उठते. सावलीत ते दिसत नाही, उन्हात लगेच दिसते. त्यातून काळा रंग मोठा चुगलखोर, काही लपवत नाही.

मग वॉटर पेपर. हा कागद काकाजी रात्रभर बादलीत भिजत ठेवत. आधी हजार नंबरचा, मग दीड हजार, शेवटी दोन हजारचा. तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळून सरळ रेषेत घासायचा. त्यावेळी जे पाणी ओघळते ते काळे असते. का? कारण तो रंगच असतो! चमक वरून लावतात असे मला वाटत होते. खरे तर रंगाचे उंचवटे कापून तो सपाट करायचा असतो. विहिरीचे संथ पाणी आठवा. त्यात आकाश दिसते. खडा टाकला की दिसत नाही. रंगाचेही तसेच. आणि हा रंग असतो तरी किती? अस्तरासकट साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. मोटारीच्या कडांवर तर त्याहून पातळ. म्हणून काकाजी कडांवर आधी चिकटपट्टी लावत.

कागदानंतर रबिंग कंपाउंड, मग पॉलिश आणि शेवटी मेण. चांगले मेण ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे. तिथल्या कडक उन्हाळ्यात पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून त्या झाडाने केलेली ती सोय आहे. ते मेण ऐंशी अंशांच्या पुढे वितळते. वऱ्हाडच्या उन्हालाही दाद देत नाही!

माझे काम फडकी धुण्याचे. पण एका दुपारी सगळे झोपले असताना मी ठोकळा उचलला. बॉनेटच्या मधोमध एक उंच कड होती. काकाजींनी आदल्या दिवशी तिची पट्टी काढली होती. मी जोर लावून घासू लागलो. पाणी काळे आले तेव्हा आनंद झाला. मग ते तांबूस आले. थांबून पाहतो तर ज्वारीच्या दाण्याएवढे अस्तर उघडे पडलेले!

मी काय केले असेल? घरात जाऊन काळे बूट पॉलिश आणले आणि त्यावर फासले.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी बॉनेट पुसले आणि बूट पॉलिश फडक्याबरोबर निघून आले. ते खूप वेळ त्या जागेवर बोट फिरवत राहिले. मग फडके खाली ठेवून मामूंना म्हणाले, “भाऊ, हे माह्याच हातानं झालं. मले आता बरोबर दिसत नाही. दुसरा मानूस पाहा.”

मामूंनी खूप समजावले, पण काकाजी डबा घेऊन घरी गेले. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. नानीने ताट वाढले, पण घास उतरेना. संध्याकाळी मी मामूंना सगळे सांगितले. मला वाटले, मार बसणार. मामूंनी सायकल काढली, मला पाठीमागे बसवले आणि काकाजींच्या दाराशी नेले. “आत जा. मी बाहेर थांबतो,” एवढेच म्हणाले.

“काहून रे पोरा?” काकाजींनी विचारले. मी सांगत होतो आणि ते जमिनीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “रातभर मी माह्या डोळ्याले शिव्या देल्ल्या.” माझ्याकडे पाहिले नाही. पाणी प्या, असेही म्हणाले नाहीत. मुलांनो, मारापेक्षा ते जड होते.

पण पहाटे ते आले. बारीक ब्रशाने त्या जागेवर डुकोचा थेंब ठेवला. वाळू दिला. पुन्हा थेंब. दोन दिवसांत असे सहा-सात वेळा. मग कागद घेण्याआधी त्यांनी मला हाक मारली. माझ्या बोटांवर मलमलचे फडके टाकले आणि डोळे मिटायला लावले. “फिरव हात. कुठं उंच लागते, सांग.” फडक्यातून उंचवटा खरेच जास्त कळत होता. माझे बोट थांबेल तिथे ते घासत. पाठवणीच्या दिवशी मी टपात माझा चेहरा पाहिला.

डुको वाळल्यावरही महिनोन् महिने आकसत राहतो, हे मला पुढे कळले. 1998 साली अमरावतीत एका लग्नात तीच शेवरलेट फुलांनी सजून उभी होती. काकाजी तेव्हा हयात नव्हते. मी खिशातला रुमाल बोटांवर घेतला आणि बॉनेटच्या कडेवरून हात फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हते. बोटाला मात्र ज्वारीच्या दाण्याएवढी खोलगट जागा लागली.