लवळे की सर्जापूर?

फौजी घरातलं मूल बारावीला पोचलं की मेसमधल्या गप्पांचा विषय बदलतो. पोस्टिंग आणि प्रमोशन बोर्ड मागे पडतात. जेईई, नीट, पुण्याचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आर्मी लॉ कॉलेज आणि अर्थातच एनडीए, यांची चर्चा सुरू होते. त्यात कुणी ‘लिबरल आर्ट्स’ म्हटलं की क्षणभर शांतता पसरते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘‘ते ठीक आहे सर, पण पुढे करणार काय?’’ यंदा हा प्रश्न मला आला. मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम विद्यापीठात आणि इथे बेंगळुरूत सर्जापूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात. निवड कशी झाली हे बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला नव्हे, आणि ‘मार्क कमी पडले म्हणून आर्ट्सला गेली’ असंही नव्हे. एक विषय खोलात शिकायचा आणि त्याच्या शेजारचे, कधी अगदी दूरचेही, विषय सोबत घ्यायचे. अर्थशास्त्रवाल्याने इतिहास वाचायचा, भौतिकशास्त्रवाल्याने निबंध लिहायचा. आम्हा एनडीएवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. खडकवासल्याला सायन्सची पोरंही इतिहास, भूगोल आणि एखादी परकी भाषा शिकत होती. सकाळच्या ड्रिलनंतर वर्गात डोळे मिटायचे ही गोष्ट वेगळी. पण पासिंग आउटला हातात जेएनयूची पदवी आली ती त्याच सरमिसळ अभ्यासाची. नव्या शैक्षणिक धोरणानेही (२०२०) चार वर्षांच्या पदवीची वाट सगळीकडे मोकळी केली आहे. त्यामुळे हा काही श्रीमंतांचा परदेशी छंद राहिलेला नाही.

आता दोन्ही ठिकाणांबद्दल. फ्लेमची सुरुवात २००७ची, विद्यापीठाचा दर्जा २०१५चा. डोंगराच्या कुशीत निवासी कॅम्पस. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, साहित्य यांच्या जोडीला व्यवस्थापन आहे आणि नाटक, संगीत, नृत्य यांना अभ्यासक्रमातच जागा आहे. ‘डिस्कव्हर इंडिया’ नावाच्या उपक्रमात मुलं गट करून एक विषय निवडतात आणि त्या जागी जाऊन अभ्यास करतात. अझीम प्रेमजी विद्यापीठ २०१०च्या कर्नाटकच्या कायद्याने स्थापन झालं, तिथले पदवीचे वर्ग २०१५ला सुरू झाले. विषय मोजके, कल शिक्षण आणि समाजाकडे. भारत समजून घेणं हा तिथल्या सामायिक अभ्यासक्रमाचा भाग आहे. कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फीमध्ये मदत मिळते, त्यामुळे बऱ्याच वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात बसतात.

मुलीला अर्थशास्त्र हवं होतं, ते दोन्हीकडे होतं. तिला नाटकाचं वेड, म्हणजे पारडं लवळ्याकडे. आजी पुण्यात, शनिवार-रविवारी घरचं जेवण, म्हणजे पुन्हा लवळे. खर्च मांडायला बसलो तेव्हा डीएसओपी फंडाचं स्टेटमेंट समोर ठेवलं. पारडं सर्जापूरकडे झुकलं.

छोट्या कॉलेजात काय बघायचं, याची एक यादी बायकोने केली. ती इथे देतो, कारण माहितीपुस्तिकेत ही उत्तरं सहसा सापडत नाहीत. तुमच्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती? दोघं सोडून गेले तर विभाग चालेल का? छापलेल्या ऐच्छिक विषयांपैकी या सत्रात प्रत्यक्षात किती शिकवले जातात? विद्यार्थ्याचा निबंध कोण वाचतं आणि त्यावर काही लिहून परत देतं का? फीमधली मदत चारही वर्षं टिकते की दरवर्षी नव्याने अर्ज करायचा? तिसऱ्या वर्षी बाहेर पडता येतं का, आणि मग कोणती पदवी मिळते? ही विचारपूस अधिकाऱ्यांकडे करा, पण कॅन्टीनमधल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे जास्त करा. युनिटची खरी हालत सीओच्या ब्रीफिंगपेक्षा लंगरमध्ये लवकर कळते, तसंच हे.

शिक्षक टिकतात का, हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवला. पुणेकराला तो वेगळा समजावून सांगायला नको. १८८५ला फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं तेव्हा डेक्कन एज्युकेशन सोसायटीकडे इमारतींपेक्षा माणसं होती. गोखल्यांसारख्या आजीव सदस्यांनी महिना ७५ रुपयांवर २० वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं होतं. छोटं कॉलेज अशा थांबणाऱ्या माणसांवर उभं राहतं.

लहान जागेचा तोटाही मुलीला सांगितला. कंपनी पोस्टवर लपायला जागा नसते. जमलं तर ती माणसं जन्मभराची, नाही जमलं तरी जेवायला त्यांच्याच शेजारी बसायचं. हजारोंच्या कॉलेजात माणूस गर्दीत हरवतो, कधीकधी तेच बरं वाटतं. इथे ती सोय नाही.

मग मी फौजी पद्धतीने अप्रिसिएशन लिहायला घेतलं. आधी उद्दिष्ट, मग परिणाम करणारे घटक, मग उपलब्ध मार्ग, शेवटी निवड. उद्दिष्टाची ओळ मात्र रिकामी ठेवून कागद तिच्याकडे सरकवला. शिकायचं तिला होतं, ती ओळ तिचीच. कागद दोन दिवस तिच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यावर लिहिलेलं होतं, ‘अर्थशास्त्र नीट शिकणे. एका गावात चार वर्षं राहणे.’

बारा वर्षांत आठ शाळा झाल्या तिच्या. पठाणकोट, जोधपूर, मिसामारी, मध्ये पुणे, आणि शेवटी दोन वर्षं बेंगळुरू. तरी मी म्हटलं, ‘‘चार वर्षं तर पुण्यातही होतील. आपलं घर आहे तिथे.’’

ती म्हणाली, ‘‘बाबा, पुणे तुझं घर आहे. मी तिथे सुट्टीला जाते. आजी मला हवीच आहे, पण मी तिथे पाहुणीच असते. इथे आत्ता कुठे मला कन्नड बोलता यायला लागलंय. भाजीवाल्या आजी आता माझ्याशी हिंदीत बोलत नाहीत. रंगशंकराला कन्नड नाटक बघताना मी लोकांच्या बरोबर हसते, मागून नाही. दर वेळी भाषा जिभेवर बसते आणि आपण ट्रंका भरतो. या वेळी मला थांबून बघायचंय.’’

माझी बदली पुढच्या वर्षी होईलच. पुण्याला गेली असती तर ती आमच्या माणसांत असती आणि मी निर्धास्त झोपलो असतो. सर्जापूरला राहिली तर आम्ही कुठेतरी उत्तरेत आणि ती इथे, एकटी. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘एवढी वर्षं ती आपल्यामागून आली. आता तिला एक जागा निवडू दे.’’ आईला फोन मीच केला. ती रुसली, आणि मग विचारलं, बेंगळुरूला चकलीची भाजणी मिळते का.

सर्जापूर ठरलं. नाटक अभ्यासक्रमात कमी मिळेल, ते ती शहरात शोधेल. दुसऱ्या कुणाच्या घरी हाच कागद लवळ्याकडे गेला असता, आणि तेही बरोबरच ठरलं असतं. मेसमध्ये परवा पुन्हा कुणीतरी विचारलं, पुढे काय करणार? म्हटलं, अर्थशास्त्र शिकणार, कन्नड वाचायला शिकणार. पुढचं ती बघेल.

हॉस्टेलसाठी आमच्या काळ्या ट्रंकांपैकी एक रिकामी करून तिला दिली आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव, रँक आणि आयसी नंबर आहे. रँक तर दोन पोस्टिंगपूर्वीची. त्यावर काळा रंग मारायचा आणि स्वतःचं नाव घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे.